भाठ्यावरचं रॉकेट आणि आमचा बंदोबस्त

लग्न होऊन मी भिलाईला आले तेव्हा कारखाना अर्धा उभा होता आणि अर्धा कागदावर होता. आमचे हे सर्व्हेत होते. कागदावरचा खांब जमिनीवर नेमका कुठे उभा राहणार, हे दुर्बिणीतून पाहून तिथे खुंटी ठोकायची, हे ह्यांचं काम. सेक्टर दोनमध्ये आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. माझ्या सासूबाई भंडाऱ्याकडची शेती धाकट्या दिरांच्या हवाली करून लेकाचा संसार पाहायला आल्या होत्या, आणि संसार पाहून झाल्यावरही राहिल्या होत्या.

शेजारी एक बंगाली बाबू राहत. कारखान्याच्या प्रयोगशाळेत लोखंडात काय किती आहे ते तपासत, आणि वसाहतीच्या क्लबाचे चिटणीसही तेच. रशियाचा माणूस पृथ्वीला चक्कर मारून आला तेव्हापासून त्यांचं मन लोखंडात रमेना. तसं वसाहतीत सगळ्यांचंच डोकं फिरलं होतं. भाजीबाजारात एखादा रशियन इंजिनियर वांगी निवडताना दिसला, तरी लोक जाऊन त्याचा हात हातात घेत, जणू काल तोच वर जाऊन आला. तो बिचारा एका हातात वांगं धरून दुसरा हात पुढे करी.

पुढच्या हिवाळ्यात क्लबाच्या वार्षिक दिवसाची तयारी सुरू झाली. दरवर्षी नाटक आणि लिंबू-चमचा. बाबूंनी आमच्या ओट्यावर येऊन जाहीर केलं, "इस साल हम रॉकेट छोड़ेगा."

दुर्गला लग्नाची आतषबाजी करणारे एक म्हातारबाबा होते. ते छातीएवढं उंच रॉकेट करून द्यायला तयार झाले होते. बाबू म्हणाले, "हजार फुट जाएगा."

ह्यांना कुणी मोजल्याशिवाय आकडा सांगितला की सहन होत नसे. भाजीत मीठ चिमूटभर जास्त झालंय म्हटलं तरी हे विचारत, कुणाची चिमूट? हे म्हणाले, "मापा किसने?"

"तुम मापेगा?"

"मापूंगा."

एवढ्या दोन शब्दांवर पुढचा सगळा प्रकार उभा राहिला.

युक्ती तशी सोपी होती. रॉकेटपासून सहाशे फुटांवर, दोन वेगळ्या बाजूंना, दोन थिओडोलाइट लावायचे. थिओडोलाइट म्हणजे तिपाईवरची दुर्बीण. ती आडवीही फिरते, उभीही फिरते, आणि किती फिरली ते खालच्या चकतीवर वाचता येतं. रॉकेट उडालं की दोघांनी दुर्बिणीतून त्याचा पाठलाग करायचा, ते सर्वांत उंच जाईल तिथे थांबायचं, आणि कोन लिहून घ्यायचे. मग घरी कागदावर दोन रेघा मारायच्या. त्या जिथे भेटतील तिथे रॉकेट, आणि उभ्या कोनावरून त्याची उंची.

ही बातमी कारखान्याच्या सुरक्षा खात्यात पोचायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सुरक्षावाले साहेब सायकलवरून आमच्या दारात. पिढ्यानपिढ्या दुर्गला राहिलेल्या मराठी घराण्यातले. मराठी बोलता बोलता हिंदीत शिरत आणि रागावले की तिथेच राहत. गळ्यात शिटी, खिशात वही. ते रॉकेट बंद पाडायला आले होते. सासूबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

"काकू, मी साफ सांगतो, ये नहीं चलेगा. दारूकाम म्हणजे खेल आहे का?"

सासूबाई म्हणाल्या, "मंग कसं करा लागते, ते तुमीच सांगा ना बापा."

तेवढंच हवं होतं त्यांना. तासाभरात वहीची चार पानं भरली. रॉकेट लोखंडी नळीत भरायचं नाही, कागदाच्याच. फुटलं तर लोखंडाचे तुकडे उडतात. भोवती मोठं रिंगण आखायचं, त्यावर लाल झेंड्या लावायच्या, आत चिटपाखरू नको. वात विझली तर अर्धा तास कुणी जवळ जायचं नाही. आणि शेवटचा नियम त्यांनी दोनदा वाचून दाखवला: दुर्बिणीवरच्या प्रत्येकाजवळ एक लाल झेंडी राहील, आणि कुणीही एकानं ती वर केली की उड्डाण थांबलं. मग तो सर्व्हेची यंत्रं वाहणारा खलाशी असो की खुद्द मोठे साहेब. जाताना म्हणाले, "दोन थिओडोलाइट बाहेर काढायची लेखी परवानगी मी आणतो." बंद पाडायला आलेला माणूस सर्वांत मोठा उत्साही होऊन परत गेला.

दुसऱ्या दुर्बिणीवर ह्यांचा खलाशी बसणार होता. आठ दिवस आधी तो बहिणीच्या लग्नाला गावी गेला. ह्यांनी बराच वेळ डोकं खाजवलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी मॅट्रिक होते, आणि गणितात मला ह्यांच्यापेक्षा जास्त मार्क होते. हे घरात कुणी बोलत नसे, पण सगळ्यांना माहीत होतं.

शिकवणी अंगणातच झाली. मी पहिल्यांदा डोळा लावला आणि ओरडलेच. समोरच्या ओट्यावर सासूबाई मिरच्या निवडत बसल्या होत्या, त्या दुर्बिणीत डोकं खाली, पाय वर, अशा आकाशाला लटकलेल्या. मिरच्याही वर चिकटलेल्या.

हे म्हणाले, "उलटंच दिसतं. जुनं यंत्र आहे. सवय होते."

सासूबाईंनी हे ऐकलं आणि मिरच्या सोडून आल्या. "काऊन रे, तू रोज असं उलटंच पाहून राहिला काय?"

"हो माय."

"आन मंग कारखाना सुलटा कसा काय बांधून राहिले?"

ह्यांनी दुर्बिणीची काच पुसायला घेतली. शेजारणी रांग लावून दुर्बिणीतून एकमेकींना उलट्या पाहून गेल्या. सासूबाईंनी मात्र शेवटपर्यंत डोळा लावला नाही. माणसाला असं पाहणं बरं नाही, म्हणाल्या.

आठ दिवस मी सरावाला जे सापडेल त्याचा पाठलाग केला. कावळे, सायकलवाले, पाण्याच्या टाकीवर चढणारा रंगारी. वर जाणारी वस्तू दुर्बिणीत खाली जाते आणि हात नेमका चुकीकडे वळतो. चार दिवस माझ्या हातून सगळे कावळे सुटले. पाचव्या दिवशी एक सापडला, तर भात लागला होता. सासूबाईंनी तो करपलेला भात मुकाट्यानं खाल्ला, आणि फक्त विचारलं, "कावळा तरी गावला काय वं?"

रविवारी सकाळी आम्ही सगळे हथखोज गावाकडच्या भाठ्यावर गेलो. भाठा म्हणजे मुरमाडी पडीक जमीन. तेव्हा तिकडे कारखाने नव्हते, लांबवर पळस आणि कापून झालेली धानाची बांधी, म्हणजे भातखाचरं. साहेबांनी पहाटेच येऊन रिंगणावर लाल झेंड्या लावल्या होत्या, आणि मधोमध रोवलेल्या खांबाला म्हातारबाबांनी रॉकेट अडकवलं होतं. बाबूंनी पाहुणे म्हणून एका रशियन इंजिनियरला बोलावलं होतं. रिंगणाबाहेर पळसाखाली त्यांच्यासाठी टेबल, त्यावर पांढरी चादर आणि चहाची किटली. ह्यांचं ठाणं त्या टेबलाच्या मागे होतं. माझं दुसऱ्या अंगाला होतं. तिथून टेबल मला उजवीकडे दिसे. मधे एका बांधाच्या आडोशाला साहेब, बाबू आणि म्हातारबाबा.

पहिली अडचण झेंड्यांनीच केली. त्या वर्षांत भिलाईच्या आसपास कुठेही लाल झेंडी दिसली की मागून नोटीस येई आणि जमीन जाई. गावकऱ्यांनी हे पाहिलेलं होतं. त्यामुळे झेंड्या पाहून लांब राहण्याऐवजी अख्खं गाव झेंड्यांच्या आत येऊन पायवाटेवर बसलं. साहेबांनी तीन शिट्ट्या मारल्या. तीन शिट्ट्या म्हणजे मागे हटा. शिट्टी ऐकून उरलेले लोकही आले.

एक म्हातारा हात जोडून ह्यांना विचारू लागला, "अब एहू भुइयाँ जाही का साहेब?"

हे गोंधळले. जमीन मोजणारा माणूस आणि समोर दुर्बीण. नाही म्हटलं तरी कोण ऐकणार? तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. शेतकऱ्याच्या घरच्या, जमिनीची भीती त्यांना वेगळी समजावून सांगावी लागली नाही. त्या म्हाताऱ्याजवळ खाली बसल्या आणि आपल्या हिंदीत म्हणाल्या, "नाही रे बापा. जमीन नही जाती. ये लोग फटाका उडाते. लंबा फटाका. माया लेक फक्त कितना ऊपर गया ते पायते."

"बस?"

"बस. इनको दूसरा काम नही आज."

गाव हसलं आणि उठलं. सासूबाईंनी काठीनं मुरमावर लांब रेघ मारली आणि सगळ्यांना तिच्या पलीकडे बसवलं. साहेब हातात शिटी धरून पाहत राहिले. मग येऊन म्हणाले, "काकू, ही बाजू तुमच्याकडे." त्यांनी आपल्याजवळची एक झेंडी काढून दिली. सासूबाईंनी ती कमरेला खोचली आणि काठीच हातात ठेवली.

बाबूंनी आकडे उलटे मोजले. "दस, नौ, आठ..." म्हातारबाबांनी लांब वातीला उदबत्ती लावली. वात सरसरत गेली, खांबापाशी पोचली आणि विझली.

बाबू बांधावर चढलेच होते. साहेबांनी त्यांचं धोतर धरून त्यांना खाली ओढलं. "अर्धा तास!"

"अरे बुझ गया! हम देख के आता है!"

"अर्धा तास म्हणजे अर्धा तास!"

मग अर्धा तास सगळे बसून राहिले. रशियन पाहुण्यांनी दुसरा कप चहा घेतला. आणि त्या रिकाम्या रिंगणात, कुणाचंही लक्ष नसलेल्या बाजूनं, एक म्हैस आली. झेंड्यांकडे तिनं पाहिलंही नाही. सरळ रॉकेटच्या खांबापाशी गेली आणि मान खाजवू लागली.

रेघेपलीकडून तिची मालकीण ओरडत उठली. सासूबाईंनी तिचा हात पकडला. "बाई, तू जाऊ नोको. म्हशीले कळत नाही, तुले कळते."

साहेबांची पंचाईत झाली. म्हशीला हाकलायला आत जायचं तर त्यांचाच नियम मोडतो, आणि न हाकलावं तर रिंगणात म्हैस. त्यांनी शिटी फुंकली. म्हशीनं मान वर केली, एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या बाजूनं खाजवायला लागली. त्यांनी वही काढली, चाळली, परत ठेवली. म्हशीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. शेवटी तिचं समाधान झालं तशी ती आपणहून गेली. मालकिणीनं पलीकडून जाऊन तिला धपाटा घातला.

अर्धा तास संपला. म्हातारबाबा जाऊन वात बदलून आले. त्यांना जवळचं फारसं दिसत नसे. पुन्हा आकडे सुरू झाले. "दस, नौ..."

मी दुर्बिणीला डोळा लावला. दुर्बिणीत एक बारीक उभी रेघ असते. सकाळी रॉकेटचा खांब त्या रेघेवर नेमका बसला होता. आता खांब रेघ सोडून तिरपा दिसत होता. मला वाटलं, माझाच डोळा. डोळा पुसून पुन्हा पाहिलं. तिरपाच. "सात, छह..." एवढी मोठी माणसं, पाहुणे, आणि मी आठ दिवस कावळे पाहिलेली. हात वर जाईना. मग पाचाला गेला. मी झेंडी वर केली आणि डोळे मिटून घेतले.

साहेबांची शिटी इतकी लांब वाजली की गावातली कुत्री भुंकायला लागली. आकडे थांबले. पलीकडे ह्यांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि दोन्ही हात हलवून खुणा केल्या, सरळ आहे, सरळ! बाबूही ओरडले, "सर्व्हेवाला बोलता है सीधा है!"

साहेब धावत माझ्याकडे आले. "वहिनी, काय झालं?"

"खांब वाकलाय."

"कुणीकडे?"

मी पुन्हा डोळा लावला. दुर्बिणीत खांबाचं टोक खाली आणि डावीकडे होतं. म्हणजे खरं कुणीकडे? साहेबांनी स्वतः डोळा लावला आणि जास्तच घाबरले. शेवटी मी वहीत दिसतं तसं चित्र काढलं आणि वही उलटी फिरवली. साहेबांनी त्याच वेळी मानही फिरवली, त्यामुळे त्यांना ते पुन्हा पहिल्यासारखंच दिसलं.

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही मान सरळ ठेवा."

त्यांनी ठेवली. टोक वर आणि उजवीकडे. आम्ही दोघांनी उजवीकडे पाहिलं. तिथे पांढऱ्या चादरीच्या टेबलाशी रशियन पाहुणे बशीतून बिस्कीट उचलत होते. त्यांच्या पाठीमागे आमचे हे, अजून हात हलवत.

साहेबांचा चेहरा चादरीसारखा झाला. ह्यांना खांब सरळ दिसत होता कारण तो ह्यांच्याच दिशेनं वाकला होता. समोरून येणारा माणूस पुढे झुकलाय हे कसं कळणार? साहेबांनी पाहुण्यांना टेबलासकट हलवलं, मग ह्यांना बोलावून खांबाला ओळंबा लावायला सांगितला. खांब चांगला चार बोटं कलला होता. ओळंबा डुलायचा थांबेपर्यंत हे तो धरून उभे राहिले.

खांब ठोकून सरळ केला, आणि तिसऱ्या खेपेला रॉकेट उडालं. काय आवाज होता! मी हात खाली नेला, खाली, अजून खाली, धूर दुर्बिणीतून सुटला नाही. मग धूर थांबला. मी दुर्बिणीचा स्क्रू आवळला आणि चकतीवर वाचलं: अडतीस अंश.

रॉकेटची काठी गिरक्या घेत सकाळी गाव बसलं होतं त्याच पायवाटेवर येऊन पडली. वाट रिकामी होती. तो म्हातारा काठी उचलायला निघाला, तर सासूबाईंनी आधी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली, तेव्हाच त्याला सोडलं. लोक धावत सुटले आणि सवयीप्रमाणे त्यांनी जाऊन रशियन पाहुण्यांचं अभिनंदन केलं.

दुपारी हे जमिनीवर मोठा कागद पसरून रेघा मारायला बसले. रेघा भेटेचनात. माझी रेघ खांबावरून सरळ जात होती, ह्यांची दुर्गकडे निघाली होती. माझ्या कोनावरून उंची पावणेपाचशे फूट येत होती, ह्यांच्या कोनावरून साडेसतराशे.

"तू बरोबर वाचलं होतंस ना?" हे म्हणाले.

"अडतीस."

"अठ्ठ्याहत्तर नव्हे?"

"अडतीस."

ह्यांनी पुन्हा हिशेब केला, पेन्सिलीला टोक केलं, तिसऱ्यांदा केला. मग पेन्सिल खाली ठेवून हळूच विचारलं, "तुला शेवटी काय दिसत होतं?"

"धूर."

"पंख नाही दिसले?"

"रॉकेटला पंख?"

"माझ्या रॉकेटनं दोन वेळा हलवले," हे म्हणाले.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "घार मोजली काय रे?"

संध्याकाळी क्लबात गर्दी. बाबूंनी ह्यांच्याकडून दोन्ही आकडे दुपारीच नेले होते, आणि त्यातला कोणता आवडला हे सांगायला नको. मंचावर उभे राहून ते म्हणाले, "बन्धुगण, हमारा रॉकेट साढ़े सत्रह सौ फुट..." टाळ्या कडाडल्या. पहिल्या रांगेतले रशियन पाहुणेही टाळ्या वाजवत होते.

हे पुढे, पुरुषांच्या रांगांत बसले होते. मला ह्यांची पाठ दिसत होती. पाठ दोनदा उठायला गेली आणि बसली. तिसऱ्यांदा हे उभेच राहिले.

"माफ करना. वो रॉकेट नहीं था. मैंने चील को मापा." बाबूंनी हातातला कागद खाली केला. "रॉकेट मेरी पत्नी ने मापा है. पौने पाँच सौ फुट."

आधी एक जण हसला, मग सगळा मंडप. इतकं हसू त्या क्लबात कुठल्याही नाटकाला आलं नव्हतं. हे कान लाल होऊन उभे होते, आणि मग स्वतःही हसायला लागले. सुरक्षावाले साहेब तेवढे हसत नव्हते. ते उठून बाबूंजवळ गेले आणि त्यांच्या कागदावरचा आकडा स्वतःच्या पेननं खोडून खरा लिहिला. बाबूंनी पडेल आवाजात तो वाचला.

मला लाजेनं खाली बघावंसं वाटत होतं आणि वर बघावंसंही. शेजारच्या मद्रासी बाईंनी मला चिमटा काढला, तेव्हा कुठे मीही हसले.

घरी येताना सासूबाई पुढे, आम्ही दोघं मागे. हे म्हणाले, "फार वेळ हसले लोक."

"हो."

"तूसुद्धा."

"मी सर्वांत शेवटी."

पुढच्या वर्षी बाबूंना मोठं रॉकेट करायचं होतं, पण साहेबांची वही तोवर इतकी जाड झाली होती (म्हशीचंच एक वेगळं पान) की बाबूंनी हाय खाल्ली आणि लिंबू-चमचा परत आणला. सासूबाईंना भाठ्याकडच्या त्या गावातून हंगामात वाल आणि काकड्या येत राहिल्या. आणि हे त्या रविवारनंतर कामाच्या वह्या घरी आणू लागले. जेवणं झाली की माझ्यापुढे ठेवून म्हणत, "जरा बघ." पहिल्याच आठवड्यात मला एका बेरजेत चूक सापडली. मी बोट ठेवलं. ह्यांनी चष्मा लावून पाहिलं, पेन्सिलीनं ती खोडली आणि पान उलटलं. नोकरी संपेपर्यंत एकही वही माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय ह्यांनी ऑफिसात दिली नाही.